परिवर्तन हा शब्द माझाच

व्यवस्थापन शिकवणाऱ्या बाईला शब्द निवडावे लागत नाहीत. नियोजन, नियंत्रण, समन्वय हे सगळं पाठ्यपुस्तकात ठरलेलं असतं, आपण फक्त फळ्यावर लिहायचं. बावीस वर्षांच्या नोकरीत मला एकच शब्द स्वतः निवडायची वेळ आली आणि तो चुकला. त्याची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याने मोजली. संपादकांनी माझ्याकडे कॉलेजातले गमतीदार अनुभव मागितले होते. गमतीचा भाग आहे, तो आधीच उरकून घेते.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. सांगलीच्या आमच्या कॉलेजचे प्राचार्य पुण्याच्या एका परिषदेहून परदेशी विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन आले. त्यात एका नव्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची माहिती होती. कारखाने, गिरण्या, दूधसंघ ज्या पाण्यावर, मातीवर आणि माणसांवर चालतात, तेच त्यांनी संपवून टाकू नये म्हणून आपली कामाची पद्धत कशी बदलावी, याचा दोन वर्षांचा अभ्यास. प्राचार्य म्हणाले, "असा कोर्स आपल्या बाजूला कुठेच नाही." आमच्या संस्थेला कुठेच नसलेल्या गोष्टी फार आवडत. स्टाफरूममध्ये मी एकटीने विचारलं, की हे शिकवणार कोण. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

खरं सांगायचं तर मला ते पटलंही होतं. नदीकाठची उसाखालची रानं मिठाने पांढरी पडत चालली होती. माधवनगरच्या बाजूला गिरणीचे भोंगे एकेक करून गप्प होत होते. असा अभ्यास आमच्याकडे नाही करायचा तर कुठे करायचा, असं मला वाटायचं. माझा नवरा साताऱ्यात नोकरीला, मी सांगलीत. नोकरदारांसाठी वर्ग शनिवार-रविवारी ठेवायचे म्हणजे माझं साताऱ्याला जाणं बंद होणार होतं. तरी मी हो म्हटलं.

बाहेरच्यांना वाटतं, अभ्यासक्रम म्हणजे कुणीतरी विद्वान बसून लिहितो. तसं नसतं. अभ्यासक्रम म्हणजे एक छापील फॉर्म असतो. तो अभ्यास मंडळाकडे जातो, तिथून विद्यापरिषदेकडे, मग कॉलेज बघायला स्थानिक चौकशी समिती येते, मग तात्पुरती संलग्नता मिळते. तात्पुरती म्हणजे एक वर्षाची. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

त्या फॉर्ममध्ये 'अभ्यासक्रमाचे मराठी नाव' असा एक रकाना होता. मी लिहिलं, 'शाश्वत विकास व संस्थात्मक बदल'. वाचून बघितलं. बदल हा शब्द बदलीच्या अर्जासारखा वाटला, पदव्युत्तर वाटेना. मी तो खोडला आणि 'परिवर्तन' लिहिलं.

आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क माने भाऊसाहेब टंकलेखनाला कागद घेऊन गेले आणि दहा मिनिटांत परत आले.

"मॅडम, हे परिवर्तन तेवढं काढा."

"का हो?"

"परिवर्तन पॅनेल असतंय."

"कुठलं?"

"सगळीकडचं. सोसायटी घ्या, बँक घ्या, कारखाना घ्या. खुर्चीवर असतंय ते विकास पॅनेल, ते पाडायला उभं राहतंय ते परिवर्तन. तुमच्या नावात तर दोन्ही आलंय. युतीच झालीया म्हणायची."

स्टाफरूम हसली, मीही हसले. म्हटलं, "भाऊसाहेब, अभ्यासक्रमाला निवडणूक चिन्ह लागत नाही."

"तुमी घेऊ नका. पण लोक चिन्ह बघूनच वाचत्यात," म्हणाले आणि गेले टाइप करायला.

चौकशी समिती यायची होती तेव्हा ग्रंथालयात या विषयाची सात पुस्तकं होती. समितीला दोन कपाटं लागतात. मी साताऱ्याला जाऊन तिथल्या ओळखीच्या दोन कॉलेजांतून पुस्तकं उसनी घेतली आणि दोन पोती भरून एस.टी.च्या टपावर टाकून आणली. उंब्रजला कंडक्टरने विचारलं, "काय हाय पोत्यात, बाई? ज्वारी?" मी हो म्हटलं. समितीतल्या एका सरांनी कपाट उघडलं, पुस्तक काढलं आणि पहिलं पान बघितलं. शिक्का त्यांच्याच कॉलेजचा होता. मग शांतपणे म्हणाले, "हे मी पंधरा दिवस शोधतोय. सापडलं ते बरं झालं." त्यांनी ते पिशवीत टाकलं आणि अनुकूल शेरा मारला. सगळ्याच कॉलेजांत हे चालतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. हीच ती गंमत.

पहिल्या तुकडीला नऊ जण आले. नवव्याचं नाव मायाप्पा. आटपाडीकडच्या धनगराचा मुलगा. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं, हा पहिला बी.एस्सी. झालेला. एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. कारखान्याचं नाव लिहीत नाही. त्या नावाने काही फरकही पडत नाही.

मायाप्पा हंगामी होता. साखर कारखान्यात ही एक वेगळी जात असते. दसऱ्याच्या सुमारास कारखान्याचं बोलावणं येतं, त्याला कॉल म्हणतात. हंगामी माणूस जातो, गाळप संपेपर्यंत राबतो आणि मार्च-एप्रिलात घरी बसतो. कायम होण्याची यादी कधीतरी निघते. मायाप्पाने सात हंगाम केले होते आणि आठव्यात यादी निघणार, असं सगळे म्हणत होते. प्रवेशाच्या मुलाखतीत मी विचारलं, "हाच कोर्स का निवडला?"

तो म्हणाला, "नाव वाचलं मॅडम. शाश्वत. शाश्वत म्हंजी कायम, व्हय ना?"

मी म्हटलं, तसं नाही, आणि पाच मिनिटं व्याख्या समजावून सांगितली. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरोबर हाय. पर मोठी पदवी असली की कायमच्या यादीत नाव वर सरकतंय म्हंत्यात." मी त्याला प्रवेश दिला. त्याला काय हवं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायला जागा नाही.

पहिल्याच वर्गात मी 'शाश्वत' या शब्दावर चर्चा ठेवली. माधवनगरच्या गिरणीतले एक सुपरवायझर म्हणाले, "आमच्या गिरणीत शाश्वत आता एकच राहिलंय मॅडम, कुलूप." वर्ग हसला. मायाप्पाला विचारलं तर तो आधी नको म्हणाला, मग उभा राहिला. "आमचा आबा मेंढरं घिऊन कोकणाकडं उतरायचा. जाताना कुठल्याबी माळावर सगळं चारू द्यायचा न्हाई. मी लहानपणी इचारलं, का वो आबा? तर म्हणाला, मागारी याच वाटंनं यायचं हाय न्हवं."

मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. दोन वर्षं वह्या तपासल्या. त्याहून चांगली व्याख्या कुणी लिहिली नाही, मीही शिकवली नाही.

प्रत्येकाने आपल्या कामाच्या ठिकाणी एक सुधारणा सुचवायची, करून बघायची आणि काय झालं ते लिहायचं, असा प्रकल्प होता. अभ्यासक्रम माझा, म्हणून नियमही माझे. खोटे अहवाल येऊ नयेत म्हणून मी एक कलम घातलं होतं, 'अहवालावर संबंधित संस्थाप्रमुखांची सही व शिक्का आवश्यक.' फार उपयुक्त कलम आहे, असं अभ्यास मंडळात माझं कौतुक झालं होतं.

मायाप्पाने कारखान्याचं सांडपाणी घेतलं. ऊस म्हणजे बहुतेक पाणीच. रस आटवताना त्यातलं पाणी वाफ होऊन पुन्हा थंड होतं, ते जवळजवळ स्वच्छ असतं. ते परत वापरलं तर नदीतून तेवढं कमी उपसावं लागेल. पण त्याच्या कारखान्यात ते पाणी आणि मशिनरी धुतल्यावरचं तेलकट पाणी एकाच गटारात पडत होतं आणि पुढे ओढ्यात जात होतं. मधे कमरेएवढी भिंत आणि थोडा पाईप टाकला की दोन्ही वेगळं होतं. एवढाच प्रकल्प. त्याने नकाशा फार नीट काढला होता, शिसपेन्सिलीने.

मोजमापांसाठी परवानगी हवी होती. मी विभागप्रमुख म्हणून कारखान्याला पत्र दिलं. ते वाक्य मला पाठ आहे. 'आपल्या कारखान्यात संस्थात्मक परिवर्तन घडवून आणण्याच्या दृष्टीने श्री. मायाप्पा हे काम करीत आहेत, तरी त्यांना सर्वतोपरी सहकार्य मिळावे.' सोबत कामगारांसाठी प्रश्नावली, तीही मीच तपासून दिलेली. पहिला प्रश्न होता, 'आपल्या मते कारखान्यात परिवर्तनाची गरज आहे काय?'

चार महिन्यांवर कारखान्याची निवडणूक होती.

प्रश्नावलीची झेरॉक्स कुणी काढली ते कधीच कळलं नाही. परिवर्तन पॅनेलच्या पत्रकात ती जशीच्या तशी छापून आली. वर मथळा होता, 'आता विद्यापीठही विचारतंय'. माझं पत्र एका सभेत स्टेजवरून वाचलं गेलं, कॉलेजच्या नावासकट. मायाप्पाला दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून उचलून वजनकाट्यावर बसवलं. बी.एस्सी. झालेला केमिस्ट गाड्यांचे नंबर लिहायला लागला.

मी चेअरमनना भेटायला गेले. त्यांनी चहा सांगितला. आवाज चढवला नाही.

मी म्हटलं, "साहेब, हा निव्वळ गैरसमज आहे. हे अभ्यासक्रमाचं नाव आहे."

"असेल की मॅडम. पण तुमचं पत्र माझ्या टेबलावर यायच्या आधी समोरच्या स्टेजवर वाचलं गेलं. तिथं कुणी अभ्यासक्रम म्हणून टाळ्या वाजवल्या असतील, असं वाटतं का तुम्हाला?"

"त्या मुलाचा काही संबंध नाही यात."

"माणूस चांगला आहे. आम्ही त्याला काढलेलं नाही, सावलीत बसवलाय. निवडणूक होऊ द्या."

"आणि कायमची यादी?"

"यादी आहे. तीही होऊ द्या," ते म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

यादी निघाली. मायाप्पाचं नाव तीत नव्हतं. मी कॉलेजच्या लेटरहेडवर खुलासा पाठवला, दोन स्थानिक वर्तमानपत्रांना पत्र पाठवलं. ते एकाने छापलं, 'परिवर्तनाशी आमचा संबंध नाही : प्राध्यापिका' या मथळ्याखाली. त्यावर परिवर्तन पॅनेलने म्हटलं, की बाईंवर दबाव आला.

मग निकाल लागला आणि परिवर्तन पॅनेल निवडून आलं.

त्या शनिवारी वर्गात सगळ्यांनी मायाप्पाला पेढे मागितले. गिरणीवाले सुपरवायझर म्हणाले, "गड्या, आता तू केमिस्ट कसला, चीफ केमिस्ट." तो हसत होता. "तसलं काय न्हाई वो," म्हणत होता, पण त्या दिवशी त्याने शर्ट इस्त्री करून घातला होता. मलाही वाटलं, चला, चुकलेला शब्द सरळ झाला. मी त्याला अहवाल पुरा करायला लावला. पावसाळाभर त्याने तो लिहिला आणि मी तपासला. माझ्याकडे आलेला तो सगळ्यात चांगला अहवाल होता.

दसरा आला आणि गेला. कॉल आला नाही. बॉयलर पेटल्याचं त्याने वर्तमानपत्रात वाचलं. हंगामी माणसाला काढत नाहीत. बोलावत नाहीत, एवढंच. त्याविरुद्ध अर्जही करता येत नाही, कारण घडलेलं काहीच नसतं.

मी पुन्हा गेले. तेच ऑफिस, तीच खुर्ची, चेअरमन नवे. हे जास्त मोकळेपणाने बोलले.

"मॅडम, तो त्यांच्या काळात लागलेला माणूस. आमची पोरं दहा वर्षं बाहेर बसली होती, ती कुठं घालू?"

"पण तुमच्या पत्रकात त्याचीच प्रश्नावली होती."

"व्हय की. लय उपयोग झाला तिचा."

मी अहवाल पुढे केला, नकाशाचं पान उघडून. "निदान यावर सही-शिक्का द्या. त्याची पदवी अडलीय. आणि ही भिंत बांधलीत तर कारखान्याचाच फायदा आहे."

त्यांनी नकाशा नीट बघितला. माणूस हुशार होता, त्यांना सगळं कळलं. म्हणाले, "सही केली म्हंजी आमच्या गटारातनं ओढ्यात तेल जातंय हे आमीच लिहून दिल्यासारखं होतंय. आवं मॅडम, परिवर्तन झालं की आता. आणखी कसलं करताय?"

दारातून बाहेर पडले तर ओढ्याचा वास तसाच येत होता. तो कुणाच्याच पॅनेलमध्ये नव्हता.

मी विद्यापीठात गेले. सही-शिक्क्याच्या अटीतून एका विद्यार्थ्याला सूट द्या म्हटलं. तिथल्या अधीक्षकांनी फाइल काढली, पान शोधलं आणि माझ्यासमोर फिरवलं. खाली माझीच सही होती. "नियम तुम्हीच केलाय मॅडम. दुरुस्ती करायची तर पुन्हा अभ्यास मंडळ, मग विद्यापरिषद." त्याला वर्ष लागणार होतं आणि संलग्नता त्याआधीच संपत होती. नव्या तुकडीला तीन अर्ज आले होते. कोणताही कारखाना आपल्या माणसाला आता या वर्गाला पाठवायला तयार नव्हता.

माने भाऊसाहेबांनी एक दिवस दार लोटून हळूच सांगितलं, "मॅडम, मिरजेत एक दुकान हाय. कुठलाबी शिक्का अर्ध्या तासात देतंय. सहीचं मी बघतो."

मी नाही म्हटलं. खोटा शिक्का माझ्या विभागात चालणार नाही, असं बरंच काही बोलले. भाऊसाहेब ऐकून घेऊन गेले. बाकीच्या आठ अहवालांपैकी तिनांवरचे शिक्के फार ताजे दिसत होते आणि ते कुठून आले हे मी विचारलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवते. दोन पोती उसनी पुस्तकं टपावरून आणणाऱ्या बाईला नेमकी मायाप्पाच्या वेळी नीती आठवली. त्याने स्वतः खोटा शिक्का आणला असता, तर मी तोही न विचारता घेतला असता. तो आणत नव्हता, आणि मी त्याला तसं सुचवू शकत नव्हते.

आठ जण पास झाले. मायाप्पाच्या गुणपत्रिकेवर प्रकल्पापुढे आडवी रेघ होती. विभाग बंद झाला, खोली कॉम्प्युटर लॅबला गेली. नियमाप्रमाणे मी सगळं साहित्य ऑफिसात जमा केलं आणि पोच घेतली. मी पुन्हा नियोजन, नियंत्रण, समन्वय शिकवायला लागले.

तीनेक वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, मायाप्पा कॉलेजात आला. रापला होता. आता तो कर्नाटकातल्या कारखान्यांत कंत्राटावर जायचा, एका हंगामाला एका ठिकाणी. आबा वारल्याचं त्याने सांगितलं. मेंढरं विकली होती.

"मॅडम, माझा त्यो अहवाल हाय का तुमच्याकडं?"

होता. तेवढा मी ऑफिसात जमा केला नव्हता. माझ्या कपाटात होता, सगळ्यात खाली. मी काढून दिला. त्याने नकाशाचं पान उघडून बघितलं. "नव्या कारखान्यात दावतो म्हणतोय. तिथला सायब बरा हाय. तिथंबी एकच गटार हाय."

मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'संस्थात्मक परिवर्तन' होतं. टेबलावर पांढऱ्या शाईची बाटली होती. मी म्हटलं, "थांब, तेवढं खोडून देते. सुधारणा लिहिते."

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तिकडं सगळं कन्नड हाय. मराठी कुणाला वाचता येत न्हाई. आकडं आन् नकाशा तेवढा बघत्यात."

मी बाटलीचं झाकण परत लावलं. तो अहवाल पिशवीत ठेवायला लागला आणि थांबला.

"एक सही द्याल का? मार्गदर्शक म्हणून. आन् शिक्का असला तर विभागाचा. तिथं कागदावर शिक्का दिसला की बरं वाटतंय लोकांना."

मी सही केली. तारीख घातली. मग सवयीने ड्रॉवर उघडला. शिक्का त्यात नव्हता. तो मी ऑफिसात जमा केला होता, नियमाप्रमाणे, आणि बंद पडलेल्या विभागांचे शिक्के ऑफिस दर वर्षी मोडीत काढतं. पोच मात्र माझ्याकडे होती.

"नाही रे," मी म्हटलं.

"असू द्या," मायाप्पा म्हणाला आणि अहवाल तसाच पिशवीत घातला.